तेव्हा तुम्ही एकवीस वर्षांचे असता

मे १९७२. वरळीची बीडीडी चाळ, तिसरा मजला. खोली एकशे साठ चौरस फुटांची आणि माणसं सहा, त्यामुळे रात्री तुमचा बिछाना बाहेर पॅसेजमध्ये. सकाळी संडासची रांग, पाण्याची रांग, रेशनची रांग. दुष्काळाचं वर्ष आहे. रेशनवर मिलो मिळतो, लालसर, जाडाभरडा. आई त्याच्या भाकरी थापते आणि भाकरी काठाला फुटली की गव्हर्नरला शिव्या घालते. गव्हर्नर कोण हे तिला माहीत नाही, पण शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातायत असं म्हणवत नाही.

तुम्ही सिद्धार्थ कॉलेजातून बी.ए. झालात. राज्यशास्त्र, सेकंड क्लास. घराण्यातले पहिले ग्रॅज्युएट. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून आता वर्ष होईल. दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिलंय, त्यामुळे केंद्र सरकारच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत नाही. राज्य सरकार ती देतं, पण राज्य सरकारच्या एका जागेपुढे उभे राहणारे किती, हे तुम्ही त्या एक्स्चेंजच्या जिन्यात रोज मोजता. १९५६ साली बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला म्हणून दिल्लीच्या लेखी तुम्ही दलित उरला नाहीत. गावाच्या लेखी मात्र तिळमात्र फरक पडलेला नाही.

बाबांना वाचता येत नाही. गिरणीतून रिटायर झाल्यापासून संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचं काम तुमचं. आज आतल्या पानावर परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावची बातमी आहे. दोन दलित बायका, विहिरीच्या पाण्याचं निमित्त. गावाने त्यांचे कपडे उतरवले, मारत त्यांची धिंड काढली. तुम्ही मध्येच थांबता.

“पुढं वाच.”

“पुढं काय वाचायचं? पोलीस चौकशी चालू आहे, एवढंच.”

बाबा विडी शिलगावतात. “दादासाहेब असते तर गेले असते तिथं.”

दादासाहेब गायकवाड डिसेंबरात गेले. घरात अजून त्यांच्या फोटोला ताजा हार आहे, हे तुम्हाला दिसतंय. तरी तुमच्या तोंडून निघून जातं, “जाऊन काय केलं असतं? काँग्रेसशी हातमिळवणी त्यांनीच केली ना सदुसष्टला? मंत्री काँग्रेसचा, फौजदार काँग्रेसचा, गावचा पाटील काँग्रेसचा. निवेदन कोणाला द्यायचं, काँग्रेसला?”

“तोंड सांभाळ. तुला काय ठाव दादासाहेब काय होते ते?”

तुम्ही पेपरची घडी करता. आईचा भाकरी थापायचा आवाज थांबलेला असतो. ती स्वतः पासष्ट साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आली आहे, धाकटी कडेवर घेऊन. लाखो माणसांनी तेव्हा तुरुंग भरले होते आणि सत्याग्रहाचे पुढारी दादासाहेबच होते. तुम्ही आत्ता जे बोललात ते तिलाही लागलंय.

आता बाबा म्हणतात तसंच करू. तुम्हाला काय ठाव नाही, ते बघून येऊ. बेचाळीस वर्षं मागे जायचं, आणि तेही बापाच्या अंगात शिरून.

*

नाशिक जिल्हा, फेब्रुवारी १९३० चा शेवट. तुम्ही अठरा वर्षांचे आहात. गावकुसाबाहेर तुमच्या बापाचं खोपट, दाराशी येसकराची काठी उभी. या महिन्यात येसकरपाळी तुमच्या घराची आहे. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचं, मर्तिकाचा सांगावा दुसऱ्या गावाला पोचवायचा, आणि संध्याकाळी घोंगडी पांघरून दारोदार भाकरी मागायची. ती भाकरी भीक नाही, हक्काची आहे, असं बाप अभिमानाने सांगतो. बाप म्हणजे तुमचा आजा. पण आत्ता तुम्ही त्याचे लेक आहात आणि तुम्हाला त्याचा राग येतोय.

नाशकाहून माणूस आलाय. काळाराम मंदिरात शिरायचं ठरलंय. बाबासाहेब स्वतः येणार. व्यवस्था भाऊराव गायकवाड बघतायत. वय सत्तावीस, ‘दादासाहेब’ व्हायला अजून अवकाश आहे.

“नाशकाला जायाचं न्हाई,” बाप म्हणतो. “गावात पांढरीला कळलं की बलुतं बंद. मंग काय राम खाऊ घालतोय का?”

“बलुतं बंद झालं तर मुंबईला जाऊ.”

“अन् म्हातारी? तिला नेणार मुंबईला, पाटीत घालून?”

बाप भेकड नाही. गावात भाकरी कुठून येते आणि कोण ती थांबवू शकतं, हे त्याला एका एका घरानिशी पाठ आहे. हे त्याचं राजकारणशास्त्र, आणि त्यात त्याला कुठल्याही विद्यापीठाने पहिला वर्ग दिला असता. त्याने आयुष्यभर तोल सांभाळला म्हणून तुम्ही अठरा वर्षांचे होऊ शकलात. आणि नेमक्या त्याच तोलाची तुम्हाला शिसारी आली आहे.

तुम्ही जाता. रात्रीतून, चालत.

२ मार्च. मिरवणूक पंधरा हजारांची, मैलभर लांब, आणि तिच्यात कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही. एवढी माणसं इतकी शिस्तीत चाललेली तुम्ही जन्मात पाहिलेली नाहीत. देवळाचे दरवाजे बंद. मग मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळते. तिथे सभा होते, आणि दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या दारांपुढे बसायचं ठरतं. तुम्ही बसता, बायाही बसतात. उन्हात बसून बसून मांड्या बधिर होतात. तुमच्या शेजारी बसलेला सिन्नरकडचा पोरगा विचारतो, “आत गेल्यावर काय मागायचं रं देवाला?” तुम्हाला सुचत नाही. तुम्हाला देव नकोच आहे. दार उघडून हवंय.

रामनवमीच्या सुमाराला रथावरून मारामारी होते, दगड पडतात. सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षं रेंगाळतो आणि दार काही उघडत नाही. गावाकडे मात्र बाप म्हणाला तसंच झालंय. दळण बंद, दुकान बंद, बांधावरून जायची वाट बंद. तुम्ही मुंबईची गाडी धरता. म्हातारी मागे राहते.

गिरणीत तुम्हाला रिंगखातं मिळतं. विणाईखात्यात पगार जास्त, पण तिथे प्रवेश नाही. बॉबिन संपली की विणकर शटलच्या भोकाला तोंड लावून नवा धागा ओढून घेतो, आणि तुमच्या तोंडचं शटल दुसरा कोणी तोंडाला लावणार नाही. युनियन कामगारांची, लाल बावटा कामगारांचा, भाषणं कामगारांच्या एकजुटीची, आणि शटल मात्र सवर्णांचं. बाबासाहेबांनी हा प्रश्न अठ्ठावीस-एकोणतीसच्या संपांच्या वेळीच काढलेला असतो. तुम्ही चाळीस वर्षं रिंगखात्यात काढता. त्या चाळीस वर्षांत तुमच्या घरातली येसकराची काठी जाते, मेलेलं ढोर जातं, मागून आणलेली भाकरी जाते. पोरगा कॉलेजात जातो. तुम्हाला वाटतं, फार लांब आलो.

आणि तो पोरगा एका संध्याकाळी पेपरची घडी करून म्हणतो की तुमच्या पुढाऱ्यांनी काही केलं नाही.

*

परत या. पॅसेजमध्ये तुमचा बिछाना तसाच आहे.

आता दोघांचं मोजमाप कुठे फाटतं ते तुम्हाला आतून दिसलं असेल. बाबा मोजतात ते खोपटापासून. तुम्ही खोपट पाहिलेलं नाही. तुम्ही मोजता ते छापलेल्या कागदापासून, आणि कागद फार आहेत तुमच्याकडे. संविधानाचं सतरावं कलम. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा. एलयापेरुमल समितीचा १९६९ चा अहवाल, ज्यात सरकारनेच नेमलेल्या समितीने देशभरातल्या अत्याचारांची जंत्री मांडली आहे. हे वाचायची अक्कल तुम्हाला कोणी दिली? सिद्धार्थ कॉलेजने, म्हणजे बाबासाहेबांनी, म्हणजे बाबांच्या पिढीने. पोरांना शिकवलं त्यांनीच, आणि शिकलेल्या पोराने पहिला हिशेब मागितला तो त्यांच्याकडेच. तरुणांचं रक्त गरम असतं म्हणून ते बंड करतात, हे म्हणणं मला नेहमी आळशी वाटत आलंय. गरम रक्त प्रत्येक पिढीत असतं. बंड काही प्रत्येक पिढीत होत नाही. ज्या पिढीला वचन लेखी मिळतं आणि वसूल करायला गेलं की खिडकी बंद दिसते, ती पिढी बंड करते. तुमची तुलना पुढे पॅरिसच्या १९६८ च्या पोरांशी होईल. त्यांच्या बापांच्या घरी फ्रिज आले होते.

खिडकी कशी बंद झाली? रिपब्लिकन पक्ष १९५७ च्या ऑक्टोबरात निघाला, बाबासाहेब गेल्यानंतर वर्षाच्या आत. दोन वर्षांत तो फुटला. एक गट बी. सी. कांबळ्यांचा, शिकलेल्या, वकील, सुटाबुटातल्या तरुणांचा. त्यांचं नाव पडलं ‘दुरुस्त’. दुसरा दादासाहेबांचा, धोतरवाल्यांचा. त्यांना हे ‘नादुरुस्त’ म्हणायचे. दुरुस्तांचा आरोप असा की दादासाहेबांना राज्यघटना कळत नाही आणि जमिनीसाठी ते कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसतात. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मग आणखी गट पडत गेले. आर. डी. भंडारे काँग्रेसमध्ये गेले. पुढे १९७३ मध्ये ते बिहारचे राज्यपाल होतील. बाकीच्यांनी निवडणूक आली की काँग्रेसच्या दारात तिकिटं मोजली. आणि याच १९७२ च्या मार्चात काँग्रेसने विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा घेतल्या. ज्याला २२२ मिळाल्या त्याला तुमच्या चार मतांची गरज काय? पुढाऱ्यांची किंमत गेली, ती आधी दिल्ली-मुंबईच्या बाजारात गेली. पोरांनी ती नंतर ओळखली इतकंच.

*

जून-जुलै १९७२. कामाठीपुरा.

बातमी तुमच्यापर्यंत इराणी हॉटेलातून येते, एका चहात दोघं बसलेले असताना. नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी मेअखेर एक संघटना काढली आहे. नाव ‘दलित पँथर’. अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या ‘ब्लॅक पँथर’बद्दल कोणी ‘टाइम’मध्ये वाचलंय, तिथून हे नाव. राजा ढालेही त्यांच्यात आहेत. ढाले तुम्हाला ठाऊक आहेत ते लिटल मॅगझिनवाले म्हणून. तीन वर्षांपूर्वी ‘सत्यकथे’चा अंक जाळणाऱ्यांत ते होते. बंडाची त्यांची तालीम साहित्यात झालेली आहे, आणि संपादक काय किंवा पुढारी काय, म्हातारा दिसला की त्यांची जीभ परजली जाते.

सिद्धार्थनगरातल्या सभेला तुम्ही मागे उभे राहता. ढसाळ तेवीस वर्षांचे. टॅक्सी चालवतात. बोलताना गोलपिठ्याची भाषा येते, तशीच्या तशी, आणि तुमच्या शेजारचा ग्रॅज्युएट खाली मान घालतो, कारण ही भाषा घरी बोलायची नाही म्हणून त्याने मार खाल्लेला आहे. बायका हसतात. माईक खरखरतो. ठरावबिराव काही नाही, घटना नाही, पावतीपुस्तक नाही. ज्याला वाटेल त्याने आपल्या वस्तीत छावणी काढावी. ‘शाखा’ म्हणायचं नाही, ‘छावणी’. तुम्ही परत येताना मनातल्या मनात वरळीची छावणी काढूनही टाकलेली असते.

१५ ऑगस्टला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात. ‘साधना’ साप्ताहिकाच्या विशेषांकात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख येतो. साने गुरुजींचं साप्ताहिक, अंक अनिल अवचटांनी काढलेला, त्यामुळे हाहाकार दुप्पट. लेखात ढाल्यांनी दोन दंडांची तुलना केली आहे: राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर कायदा काय शिक्षा करतो, आणि दलित बाईची अब्रू घेतली तर काय. मग ते ध्वजाबद्दल असं काही लिहून जातात की महाराष्ट्रातले सभ्य लोक ध्वजावरच अडकतात. वर्तमानपत्रांत पत्रं येतात ती ध्वजाच्या बाजूने. दंडाची तुलना चूक आहे, असं कोणी लिहीत नाही. तिकडे कोणी फिरकतच नाही.

तुम्ही तो लेख बाबांना वाचून दाखवता. पुरता, एक शब्द न गाळता. बाबा बराच वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, “शिव्या लई हायेत.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं खरं हाय. म्हणून तर म्हणतो, शिव्या कशाला?”

इथे थांबून सांगायला हवं की बाबांच्या या प्रश्नाला पँथरकडे उत्तर होतं, आणि ते चांगलं होतं. बेचाळीस वर्षं शिस्तीत बसून दार उघडलं नव्हतं. निवेदन वाचणारा अधिकारी जांभई देत होता. शिवी ऐकून निदान खुर्चीत सावरून बसला. त्या दोनेक वर्षांत पँथरची पोरं गावोगाव गेली, अत्याचार झाला की तिथे पोचली, तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटला. ही पोरं येणार म्हटल्यावर फौजदार पंचनामा करायला लागले. तेवढ्यापुरता का होईना, दहशतीचा पत्ता बदलला.

*

५ जानेवारी १९७४, संध्याकाळ. वरळी, आंबेडकर मैदान.

तुमच्या खोलीसमोरच्या दारात राहतो तो शिवसेनेत आहे. नाव सांगत नाही. तुम्ही दोघं एकाच म्युनिसिपल शाळेत होतात, गणितात तो तुमचं बघून लिहायचा. त्याचा बापही गिरणीतलाच, विणाईखात्यातला. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्या बापाने लाठ्या खाल्ल्या, मुंबई मिळाली, आणि मुलगा १९६६ पासून विचारतोय की मुंबई मिळाली तर नोकरी कुठे आहे. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या जिन्यात तुम्ही त्याला पाहिलंय. दोघांनी एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या सभेत त्याला सांगितलं गेलं की नोकऱ्या मद्राशांनी नेल्या. अलीकडे आणखी एक नाव पुटपुटलं जातं, सवलतवाल्यांनी नेल्या. एकाच पॅसेजमध्ये दोन बंडं राहतायत, दारासमोर दार. दोघांचे बाप अजून एकमेकांना विडी देतात.

मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक आहे. काँग्रेसचे रामराव आदिक, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. कम्युनिस्टांकडून रोझा देशपांडे, डांग्यांच्या कन्या. पँथरने बहिष्कार पुकारलाय. मैदान भरलंय. ढाले बोलायला उभे राहतात. तुम्ही स्टेजच्या डाव्या अंगाला, बांबूला टेकून.

पहिला दगड कुठून आला? पुढे न्यायमूर्ती भस्मे आयोग यावर बसेल. कोणी म्हणेल भाषणात देवादिकांना शिव्या होत्या, कोणी म्हणेल दगड आधीपासून जमवलेले होते. तुम्हाला तेव्हा कळतं ते एवढंच की बांबू थरथरतोय आणि लोक खाली वाकून पळतायत. पोलीस येतात ते सभेवरच. लाठ्या ढाल्यांवर पडतात, तुमच्या खांद्यावर पडतात. वरळीच्या एकशे एकवीस चाळींपैकी काहींत पोलिसांचीच बिऱ्हाडं; कोण दंगल शमवतंय आणि कोण खिडकीतून बाटली टाकतंय, हे अंधारात ओळखू येत नाही. तुम्ही जिन्यात शिरता. जिन्यावर तो उभा आहे, समोरच्या दारातला, हातात सळी. तुमच्याकडे बघतो. “वर जा,” म्हणतो. “काका एकटे आहेत.” आणि तुम्हाला वाट देऊन खाली उतरतो.

या क्षणाला मैत्रीचा विजय वगैरे म्हणू नका. खाली जाऊन त्याने सळी कोणावर चालवली, हे तुम्ही त्याला कधी विचारत नाही. तोही तुम्हाला नंतरच्या आठवड्यांबद्दल विचारत नाही.

पाच दिवसांनी निषेधाच्या मोर्चावर वरून पाटा येतो. ज्याच्यावर मिरची-मसाला वाटतात तो पाटा, दगडाचा. भागवत जाधव जागीच जातात. दंगल वरळीतून नायगावात पसरते, महिनोन्‌महिने धुमसते. पोटनिवडणुकीत आदिक पडतात. पँथरच्या बहिष्काराने काँग्रेसला पहिल्यांदा कळतं की या मतांचीही किंमत आहे. आणि ते कळलं की किंमत लावायला माणसं येतातच.

*

पुढचं भराभर बघू, कारण ते घडलंही भराभर, आणि फारसं बघण्यासारखंही नाही.

१९७३ च्या जाहीरनाम्यात ढसाळांनी दलित कोण हे लिहिलं होतं: अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, बायका, जो जो पिळला जातो तो. ढाल्यांना त्यात कम्युनिस्टांचा वास आला. त्यांचं म्हणणं, बाबासाहेबांचा मार्ग बुद्धाचा, मार्क्सचा नव्हे. १९७४ संपायच्या आत पँथर फुटली. तुम्ही घरी येऊन हे बाबांना सांगता तेव्हा ते हसतात, इतके की खोकला लागतो.

“दुरुस्त अन् नादुरुस्त,” ते म्हणतात. “पँट घालून.”

तुम्हाला राग येतो, कारण उत्तर नाही. पंधरा वर्षांपूर्वी धोतरवाल्यांवर हाच आरोप होता, अगदी याच शब्दांत. पुढाऱ्यांच्या फाटाफुटीविरुद्ध उभी राहिलेली पोरं त्याच रेषेवर फाटली. मला वाटतं, रेषा पुढाऱ्यांनी आखलेली नव्हतीच. भाकरीसाठी सगळ्या गरिबांबरोबर जायचं, की जातीचा अपमान फक्त आपल्यालाच कळतो म्हणून आपलं आपण लढायचं, हा खराच प्रश्न आहे, आणि रिंगखात्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला शटलची गोष्ट आठवली की दोन्ही उत्तरं खरी वाटतात. पोरांना वाटलं, वय बदललं की प्रश्न सुटेल.

आणीबाणीत ढसाळ इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहतात. मार्च १९७७ मध्ये ढाले आणि पवार पँथर बरखास्त करतात. दुसरे तरुण भारतीय दलित पँथर काढतात; वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातली पोरं, त्यांत रामदास आठवले. १९७८ ला विधिमंडळ मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव करतं आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळतात. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडतं. तोवर आठवले राज्यात मंत्री झालेले असतात. १९९० ला केंद्र सरकार बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती देतं. तुमची तेव्हा एका सरकारी खात्यात बऱ्याच वर्षांनंतरची बढती लागलेली असते. कल्याणला वन रूम किचन घेतलेलं. बाबा जाऊन नऊ वर्षं झालेली.

*

नोव्हेंबर २००६. कल्याण. तुम्ही पंचावन्न वर्षांचे.

मुलगी सकाळीच तयार. बावीस वर्षांची, एम.एस.डब्ल्यू. करते. दोन महिन्यांपूर्वी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने ठार मारलं. त्यांत बारावीत शिकणारी मुलगी होती. बातमी आतल्या पानावरसुद्धा धड आली नाही. फोटो फिरले ते झेरॉक्स करून, ईमेलने, पोरांच्या मोबाइलवरून. भंडाऱ्यात बायका रस्त्यावर आल्या, मग नागपूर, मग अमरावती, कोणी पुढारी न बोलावता. पुढारी मागाहून पोचले तेव्हा पोरांनी त्यांना माईक दिला नाही. गृहमंत्री आर. आर. पाटलांना या मोर्चांमागे नक्षलवादी दिसले.

“आझाद मैदानाला जातेय,” ती म्हणते.

“कोणाचा मोर्चा?”

“कोणाचा म्हणजे?”

“म्हणजे कोणत्या गटाचा? परवानगी कोणी काढली? लाठीमार झाला तर जामिनाचं कोण बघणार?”

हे प्रश्न चूक नाहीत. एकेकाळी ते विचारणारं कोणी नव्हतं म्हणून पोरं दोन-दोन महिने आत राहिली, तुम्ही त्यांच्या आयांना जेलच्या दारापर्यंत सोडलंय. तरी ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघते, ती नजर तुम्हाला चांगली ओळखीची आहे.

“बाबा, तुमच्या सगळ्या गटांचे मिळून आज किती आमदार आहेत? आणि त्यांतला एक तरी खैरलांजीत पहिल्या आठवड्यात गेला?”

“तुला काय माहीत आम्ही काय केलं ते? बहात्तर साली—”

“माहितीय. तुम्हीच सांगितलंय, वाचलंयही. बेस्टच होतं ते. मग फुटलात का?”

ती पायात चप्पल घालत विचारते, टोमणा म्हणून नाही, खरोखरच विचारते. तिच्या ग्रुपमध्येही कालपासून भांडण लागलंय: निळ्या झेंड्याशिवाय कोणाला येऊ द्यायचं नाही, की डाव्या संघटनांच्या पोरींनाही बरोबर घ्यायचं. तिला सल्ला हवाय. तुम्ही खुर्ची ओढता आणि जाहीरनाम्यापासून सुरुवात करता. मग लक्षात येतं की जाहीरनाम्याआधी धोतरवाले सांगावे लागतील, त्याआधी शटल, आणि मग नाशिकही.

“थोडक्यात सांगा ना,” ती घड्याळाकडे बघत म्हणते. “फास्ट चुकली तर पुढची स्लो आहे.”

“थोडक्यात नाही सांगता येत.”

“मग चला बरोबर. गाडीत सांगा.”

तुम्ही म्हणता, गुडघा दुखतोय. ती म्हणते, मोर्चा मैदानातच आहे, चालायचं नाहीये. आतून बायको विचारते, डबा एकाचा भरू की दोघांचा.